बुटक्या म्हसोबापाशी का थांबतो?

"लावा जोर! हय्या! अरे, सकाळी भाकरी खाल्ली का नुसती बघितली?"

भागवतकाका सीटवर बसून ओरडत होते आणि मागून तिघं जण जीव खाऊन ढकलत होते. शिवांगीचे दोन्ही हात ग्रीसनं काळेकुट्ट झाले होते. काकांचा मुलगा, तिचा चुलतभाऊ हरिओम घामानं निथळत होता. आणि तिचा धाकटा भाऊ मुकुल? तो एका हातानं ढकलत होता आणि दुसऱ्या हातानं बोरं खात होता!

"मुकुल, दोन्ही हात लाव!" शिवांगी खेकसली.

"संपलीच गं ताई. ही बघ, शेवटची."

बुटक्या चार पावलं पुढे सरकला, त्यानं खड्ड्यात चाक घातलं आणि गप्प उभा राहिला.

बुटक्या म्हणजे त्यांच्या आबांचा ट्रॅक्टर. एका बंद पडलेल्या रोपवाटिकेतून आबांनी तो फार वर्षांपूर्वी जुनाच विकत आणला होता. हल्लीच्या ट्रॅक्टरांशेजारी उभा केला तर म्हशीशेजारी शेळी दिसेल, एवढासा. एकाच सिलिंडरचं इंजिन, त्याच्या डोक्यावर डिझेलची टाकी, आणि सुरू करायचा तर हँडल फिरवून. पण फळबागेच्या दोन ओळींमधून सुळकन निघायचा आणि जिथं बैलगाडी कशीबशी शिरेल तिथून ट्रॉली ओढत आरामात जायचा.

निदान आबा चालवत होते तोवर तरी जायचा!

"हितंच! बघा, बरुबर हितंच!" काका खाली उतरले आणि त्यांनी समोर बोट दाखवलं. पाणंदीच्या कडेला लिंबाचं झाड होतं आणि त्याखाली शेंदरानं माखलेला म्हसोबा. "परवा हितंच थांबला, काल हितंच थांबला, आज पुन्हा हितंच! आता तरी पटलं का?"

"डिझेल संपलं असेल," शिवांगी म्हणाली.

काकांनी टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स! टोपण निघालं. काकांनी आत डोकावून पाहिलं. "गळ्यापर्यंत हाय. बघ की तूच."

मग त्यांनी टोपण घट्ट लावलं, म्हसोबापुढं हात जोडले, वाटीतला शेंदूर चिमटीत घेतला आणि भक्तिभावानं टोपणावर फासला. टोपणाचा मूळ रंग कोणता होता, हे आता देवालाच माहीत! शेंदरावर शेंदूर चढून त्याचा नारिंगी लाडू झाला होता.

"मार हँडल."

हरिओमनं हँडल मारलं. पहिल्यांदा नुसताच ठसका लागला. दुसऱ्यांदा डुग... डुग... डुगडुगडुग! बुटक्या सुरू झाला.

"पाह्यलं?" काका विजयानं म्हणाले. "देवाला इचारलं की सुरू होतंय. पण पुढं जायला त्याची परवानगी न्हाई. चला माघारी!"

बुटक्या घराकडे वळला. शिवांगी त्याच्या मागोमाग निघाली, पण तिचं डोकं मात्र म्हसोबापाशीच अडकलं होतं. बुटक्या गोठ्यात शिरला आणि शिरता शिरता आपला आपणच बंद पडला. काकांना तो बंद करायचीसुद्धा गरज पडली नाही. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शिवांगीच्या आलं.

शिवांगीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. नांदेडच्या शाळेत बाई दिवसातून कितीदा तरी "शिवांगी, बस" म्हणायच्या आणि घरी आई तेच म्हणायची. नाताळची सुट्टी आणि येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, यंदा लागून आली, तेव्हा ती आणि मुकुल एस.टी.नं निलंग्याला उतरून तिथून आबांच्या गावी, करंजवाडीला आले होते. आल्या दिवसापासून तिघं बुटक्याच्या मागे लागले होते.

कारण होतं आबा.

दोन वर्षांपूर्वी आबा गोठ्यात पाय घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन घरातल्या घरात चालता यायला लागलं. पण शेत पडलं ओढ्यापलीकडं. पाणंद इतकी अरुंद की जीप शिरत नाही. मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. बैलं विकलेली, आणि बुटक्याही तेव्हापासून धड चालेना. म्हणून सलग दोन येळवशी आबा घरीच बसून राहिले. अख्खं गाव शेतात, घराघराला कुलूप, आणि ओट्यावर आबा आणि रस्त्यावर कुत्री!

लातूरकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय, हे काही सांगावं लागत नाही. पण मुकुल नांदेडात वाढलेला. त्यानं विचारलं होतं, "आबा, एक सण हुकला तर काय होतं?"

आबांनी त्याला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "लेकरा, त्या दिवशी काळ्या आईला जेवू घालायचं असतंय. जिनं जल्मभर आपल्याला खाऊ घातलं, तिला वर्षातून एकदा वाढायला आपण न्हाई गेलो, तर घास उतरतोय का?"

"मग खुर्चीत बसवून नेऊ की तुम्हाला! चौघं जण उचलतील."

"चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातंय," आबा काठी आपटून म्हणाले, "आन ती घाई मला न्हाई!"

आबा जातील तर बुटक्याच्या ट्रॉलीतून. नाही तर यंदाही ओट्यावरच.

म्हणून तर सगळी खटपट. निलंग्याहून श्रीशैल मिस्त्री आला होता आणि त्यानं या तिघांना हाताशी धरून बुटक्याचं पोट उघडलं होतं. डांबरासारखं काळं ऑइल काढून नवं भरलं. हवेच्या फिल्टरमधून चिखल निघाला, सायलेन्सरमधून गांधीलमाश्यांचं घर निघालं आणि सीटखालून उंदराची पाच पिल्लं निघाली! मुकुलला ती पाळायची होती, पण काकूनं त्याला पिल्लांसकट दारातूनच परत पाठवलं. डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल साफ झालं, जिथं जिथं ग्रीस मारायचं तिथं तिथं ग्रीस मारलं. शिवांगीनं तर पॉलिशपेपरनं घासून घासून बॉनेटचा निळा रंग वर आणला होता.

आणि अंगणात बुटक्या कसा चालला म्हणता! मिस्त्रीचा चहा झाला, पोहे झाले, दुसरा चहा झाला, तरी डुगडुगतच होता. टाकीचं टोपण काढून त्यात मिस्त्रीनं नट-बोल्ट ठेवले होते आणि ते त्या तालावर टुणटुण नाचत होते.

"इंजिन एकदम ओके!" मिस्त्री हात पुसत म्हणाला होता. "आता बंद पडलं तर मला बोलवू नका, ड्रायव्हर बदला!"

आणि तोच बुटक्या रस्त्यावर काढला की म्हसोबापाशी बंद! अंगणात पहिलवान, पाणंदीत आजारी! असं कसं?

संध्याकाळी काकांनी फोन कानाला लावला तेव्हा शिवांगी दाराआडच उभी होती.

"हां, धोंडप्पा, टेंपो घेऊन या उद्या. भंगारातच घाला आता. म्हसोबा आडवा आलाय, ओढ्यात मधीच थांबला तर आबांना काढायचं कसं? न्हाई, न्हाई, आबांना अजून सांगितलं न्हाई."

परवा येळवस आणि उद्या टेंपो!

ती धावतच गोठ्यात गेली. हरिओम बुटक्याच्या चाकाला टेकून बसला होता. ऐकून त्याचा चेहराच उतरला.

"पण म्हसोबानंच आडवलंय तर आपण काय करणार?" तो म्हणाला.

"तुला खरंच तसं वाटतं?"

"मला काय वाटायचंय! बंद तर तिथंच पडतोय ना रोज?"

शिवांगी गोठ्यात येरझाऱ्या घालू लागली. "आपण रोज कुठून निघतो? गोठ्यातून. रोज एकाच वाटेनं जातो. मग तो रोज एकाच जागी थांबणार नाही तर काय! हरिओम, दुसऱ्या वाटेनं गेलो तर?"

मुकुल एवढ्यात बोरांची ओंजळ भरून आला होता. तो बी थुंकत म्हणाला, "म्हसोबा नाही काही. माझी बोरं आहेत."

"काय?"

"निघताना मी खिसा भरतो. माझी बोरं संपली की तो बंद पडतो. रोज! येताना पुन्हा भरली, तर गोठ्यात संपली आणि इथं बंद पडला. मी कधीचं सांगतोय, पण माझं कुणी ऐकेल तर शपथ!"

शिवांगी आणि हरिओम एकमेकांकडे बघतच राहिले.

"उद्या सकाळीच बघू," शिवांगी म्हणाली. "पण चालवणार कोण? काका तर हातही लावणार नाहीत."

"मी हाय की!"

तिघंही दचकले. दारात कुसुमकाकू उभी होती, कमरेवर धारेची बादली. "असं काय बघून राहिले? भोकरची लेक हाय मी. लगीन व्हायच्या आधी बापाचा ट्रॅक्टर मीच हाणायची. तुमच्या काकांना हे माहीत हाय, पण आठवण कामून ठेवतील!"

सकाळी काका टेंपोवाल्याला वाट दाखवायला फाट्यावर गेले आणि इकडे बुटक्या निघाला. म्हसोबाकडे नाही, तर अगदी उलट दिशेला, गावातून गिरणीकडे! काकूनं पदर खोचला होता. मुकुल खिसा फुगवून ट्रॉलीत बसला होता आणि शिवांगी बाजूनं पळत होती.

"किती राहिली?" तिनं ओरडून विचारलं.

"अर्धी!"

शाळा गेली. पाण्याची टाकी गेली.

"आता?"

"चारच!"

गिरणीसमोर येताच बुटक्या खोकला. डुग... डुग... धप्प. बंद! मुकुलनं शेवटची बी हवेत उडवली.

"बघ! बघ! म्हटलं नव्हतं?"

पिठानं पांढरे झालेले गिरणीवाले शेषेराव बाहेर आले. "काय झालं हो वयनी?"

"काही नाही काका!" हरिओम टाळ्या पिटत नाचायला लागला होता. "बंद पडला! लई झ्याक बंद पडला!"

यांच्या घरात सगळे ठीक आहेत ना, अशा नजरेनं शेषेराव बघत राहिले.

म्हणजे जागेचा संबंध नव्हताच! म्हसोबा बिचारा उगाच बदनाम झाला होता. बुटक्या ठरावीक वेळ चालायचा आणि थांबायचा, कुठंही असो. पण का? शिवांगीनं टोपण फिरवलं. फुस्स! तोच आवाज. हरिओमनं हँडल मारलं आणि बुटक्या पुन्हा डुगडुगायला लागला.

फुस्स. हा आवाज शिवांगीच्या डोक्यात डासासारखा भुणभुणत राहिला. पण विचार करायला सवड होती कुठं? गोठ्यापाशी पोचतात तोच फाटकात टेंपो उभा! धोंडप्पा भंगारवाले मिशीवर हात फिरवत बुटक्याभोवती चक्कर मारू लागले.

"छोटा हाय, पण लोखंड कडक हाय. चढवू का, भागवतराव?"

आता संपलंच! शिवांगीला रडू फुटेल असं वाटलं. ओट्यावर आबा काठीला धरून उभे राहिले होते. त्यांना आत्ताच कळत होतं. त्यांनी बुटक्याकडे पाठ फिरवली, आणि ते तिला बघवेना.

तेवढ्यात हरिओम अगदी साळसूदपणे पुढे आला. "धोंडप्पाकाका, एक विचारू का? रागावू नका. उद्या अमावास्या."

"मग?" धोंडप्पा म्हणाले.

"न्हाई, अमावास्येच्या तोंडावर घरातलं लोखंड बाहेर काढतात का? आणि त्यात म्हसोबानं अडवलेलं! बाबा म्हणतात, लई कडक देव हाय. मला तुमच्या टेंपोची काळजी वाटून राहिली."

धोंडप्पांचा मिशीवरचा हात थांबला. "म्हसोबानं आडवलंय? हे मला फोनवर न्हाई नीट सांगितलं, भागवतराव."

"अहो, ते तसं..." काका चाचरले.

"टेंपो नवा हाय माझा!" धोंडप्पा एव्हाना दार उघडून आत बसलेही होते. "येळवस होऊ द्या. मग बघू. तवर ठेवा तुमच्याकडंच."

टेंपो भुर्रकन निघून गेला. काकांनी मुलाकडे डोळे वटारले, पण रागावणार कशावरून? देवाधर्माचंच तर बोलला होता पोरगा!

आता उरला होता फक्त तो दिवस.

येळवशीच्या आदल्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. काकू आणि शेजारच्या बायका भज्जीच्या मिश्र भाजीसाठी भाज्या-शेंगा निवडत होत्या, आंबिलीचं ताक घुसळून ठेवलं होतं, वाफवायच्या उंड्यांसाठी बाजरीचं पीठ मळणं चाललं होतं. शिवांगी अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गोठ्यात नुसती घिरट्या घालत होती.

"अगं भिंगरे, पायात येऊ नको. हे घे, तेलाचा डबा फोड," काकूनं तिला खिळा आणि बत्ता दिला. "हात तरी गुंतू दे."

शिवांगीनं डब्याच्या कोपऱ्यात खिळा ठेवून ठोकलं. भोक पडलं. काकूनं डबा कढईवर कलता केला. तेलाची धार लागली, बारीक झाली, गुळुक... गुळुक... आणि थांबली.

"थांबलं!" शिवांगी म्हणाली. "संपलं का?"

"भरलेला डबा कसा संपल गं? दुसरं भोक पाड की समोरच्या कोपऱ्यात! वारं आत शिरल्याबिगर तेल बाहेर येतंय का कधी?"

शिवांगीनं दुसरं भोक पाडलं. बारीकसा आवाज आला. फुस्स! आणि तेलाची धार सरसर वाहायला लागली.

शिवांगीच्या हातातला बत्ता तिथंच पडला.

"हरिओऽऽम! मुकुऽऽल!"

ती चुलीवरून उडी मारायचीच बाकी राहिली. "अगं, तेल! तेल!" म्हणून बायका ओरडत राहिल्या आणि ती गोठ्यात पोचलीसुद्धा.

"भोक! दुसरं भोक!" ती धापा टाकत म्हणाली. "टाकीतून डिझेल खाली जातं. मग त्याची जागा घ्यायला वरून हवा नको का यायला? हवाच येत नाही! म्हणून डिझेल थांबतं आणि बुटक्या मरतो! टोपण उघडलं की फुस्स करून हवा आत शिरते, की झाला जिवंत!"

"पण अंगणात तर तासन्‌तास चालला," हरिओम म्हणाला आणि मग त्याचे डोळे मोठे झाले. "टोपण! मिस्त्रीनं टोपण काढून त्यात बोल्ट ठेवले होते!"

तिघांनी टोपण काढून उजेडात आणलं. शिवांगी खिळ्यानं शेंदूर खरवडू लागली. एक थर निघाला, दुसरा निघाला. दोन दसऱ्यांचे थर होते आणि त्यावर रोजच्या विनवणीचे. खाली पितळ चमकलं. आणि अगदी मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं, शेंदरानं गच्च बुजलेलं!

मुकुलनं बाभळीचा काटा आणून त्यात घातला. काटा आरपार गेला.

"म्हणजे," मुकुल हळूच म्हणाला, "काका रोज त्याचं नाक दाबत होते?"

"आणि तोंडानं म्हणत होते, उठ बाळा, उठ!" हरिओम हसून हसून कडब्यावर लोळला.

शिवांगीला मात्र हसू आलं नाही. तिला आठवलं, काका किती मनापासून हात जोडायचे. आपल्या वडिलांना शेतात नेता येत नाही म्हणून त्यांनाही वाईट वाटतच असणार. बुटक्या जितका बंद पडत होता तितका ते शेंदूर लावत होते आणि जितका शेंदूर लावत होते तितका तो बंद पडत होता! त्यांना चारचौघांत कसं सांगायचं?

त्यांनी बुटक्याला गोठ्यातच चालू केलं. मुकुलची बोरं संपली. दुसरी ओंजळ संपली. तिसऱ्या ओंजळीला त्याचं पोट दुखायला लागलं, तरी बुटक्या डुगडुगतच होता!

येळवशीचं ऊन कोवळं होतं आणि पाणंद माणसांनी भरून वाहत होती. ट्रॉलीत गादी टाकून आबांना बसवलं. डोक्याला गुलाबी फेटा, मांडीवर आंबिलीनं भरलेला घडा, म्हणजे बिंदगा. तो त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता की जणू पहिलं नातवंडच!

"ओढ्यात थांबलं तर मला बोलायचं न्हाई," काका पुन्हा पुन्हा सांगत होते. पण आबा ट्रॉलीत चढल्यावर त्यांना 'नाही' म्हणायची कुणाची छाती होती?

"काका, टोपण आम्ही साफ केलंय," शिवांगी म्हणाली. "त्याला भोक असतं हवेचं. त्याला आता काही लावू नका हं. पूजा इथं करा, बॉनेटला. मी घासून चकचकीत केलंय ना."

"बरं, बरं," काका म्हणाले. पण मोठी माणसं 'बरं' म्हणतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं असतंच असं नाही.

काकू चालवायला बसली. डुगडुगडुग! बुटक्या निघाला. हरिओम पुढे वाट मोकळी करत होता, मुकुल ट्रॉलीत आबांपाशी होता आणि शिवांगी नेहमीसारखी बाजूनं पळत होती. गावातली माणसं थांबून बघत होती. "रामकिशनअण्णा निघाले! अण्णा, राम राम!"

आबा मान हलवत होते. हात जोडायला बिंदगा सोडावा लागला असता.

लिंबाचं झाड दिसायला लागलं. मुकुलनं खिशात हात घातला आणि घाबरून शिवांगीकडे बघितलं. शेवटची दोन!

झाड जवळ आलं. म्हसोबा आला. आणि...

डुग... डुग... खक्क!

"बंद पडतोय!" हरिओम किंचाळला.

असं कसं? काटा तर आरपार गेला होता! काल तीन ओंजळी चालला होता! शिवांगीनं टोपणाकडे पाहिलं. मधोमध ताज्या शेंदराचा एक जाडजूड ठिपका होता. मग तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी उजवा हात पाठीमागं लपवला.

"काका!"

"अगं, जरासाच लावला! निघताना. सणाचा दिवस, मोकळं टोपण बरं दिसत न्हाई म्हणून."

बुटक्या पुन्हा खोकला. आबांनी डोळे मिटून घेतले. "जाऊ द्या," ते पुटपुटले. "माघारी चला."

"माघारी नाही!" शिवांगी ओरडली. "काकू, क्लच दाब, पण इंजिन मरू देऊ नकोस!"

बुटक्या जागीच थांबून अखेरचे आचके देत होता. शिवांगीनं कुंपणाच्या बाभळीचा लांबसा काटा मोडला, पायरीवर पाय ठेवून वर चढली आणि शेंदराच्या ठिपक्यात नेम धरून काटा खुपसला.

फुस्स्स्स!

आवाज इतका मोठा होता की भोवतीच्या माणसांनीही ऐकला. डुग. मग पुन्हा डुग. आणि मग डुगडुगडुगडुग! बुटक्यानं असा श्वास घेतला की सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला.

"हाणा वयनी!" गर्दीतून शेषेराव ओरडले.

काकूनं क्लच सोडला. बुटक्या म्हसोबासमोरून डौलात पुढे गेला, उतार उतरला, ओढ्याच्या पाण्यात शिरला, गोटे तुडवत, पाणी उडवत पलीकडे चढला! मुकुलनं राहिलेलं एक बोर उंच धरून दाखवलं. "उरलं! ताई, उरलं!"

ज्वारीच्या पिकात कडब्याची झोपडीसारखी कोप उभी होती आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. आबांना धरून खाली उतरवलं. जमिनीला पाय लागताच त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी तळव्यानं माती चाचपली. मग काठी हरिओमकडे देऊन त्यांनी काकांचा खांदा धरला आणि बिंदग्यातली आंबील ज्वारीवर शिंपडत एकेक पाऊल टाकायला लागले.

"होलगे होलगे, सालम पलगे!" येळवशीची ही आरोळी देताना त्यांचा आवाज फाटला होता, पण पलीकडच्या शेतातूनही त्याला जबाब आला. काका बरोबरीनं चालत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते.

जेवणाच्या पंगतीला निलंग्याहून श्रीशैल मिस्त्रीही आला होता. येळवशीला शहरातलं माणूस कुणाच्या तरी शेतात जेवायला असतंच. त्यानं सगळी हकिकत ऐकली आणि भज्जीचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी टोपणात बोल्ट ठेवले, म्हणून मला कळलंच न्हाई?"

"ड्रायव्हर बदला म्हणालात ना? तेवढं मात्र बरोबर सांगितलंत," हरिओम म्हणाला, आणि काकू एवढ्या जोरात हसली की तिला ठसका लागला.

काका उठले. त्यांनी शेंदराची वाटी शिवांगीपुढे धरली. "आता तूच सांग, कुठं लावू? तू म्हणशील तिथं. आन त्या धोंडप्पाला मी आत्ताच फोन करतो, येऊ नको म्हणून."

"चाकाला लावा, काका. आबा तिथंच लावायचे."

"खरंय पोरीचं," आबा म्हणाले. "मी चाकाला लावायचो. आन टोपण रोज उपरण्यानं पुसायचो, डिझेलमधी कचरा जाऊ नये म्हणून. त्याला भोक हाय, हे मला जल्मात माहीत न्हाई!" त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांत घेतलं आणि शिवांगीच्या हातात ठेवलं. "घरात सगळे म्हणत्यात, ही पोरगी एका जागी बसत न्हाई. बरं झालं बसत न्हाई! सगळे बसलो म्हणून तर मी दोन वर्सं बसून राह्यलो. माय, आजपासून टोपण पुसायचं काम तुझं."

शिवांगी उठली आणि धूम पळत बुटक्यापाशी गेली. टोपण पुसलं, भोकातून पलीकडचं आभाळ दिसतं का ते बघितलं. दिसत होतं. मग ती बांधावरून पळाली, ज्वारीतून पळाली, ओढ्यापर्यंत जाऊन पुन्हा परत पळत आली.

त्या दिवशी तिला कुणीही "बस" म्हणालं नाही.